गोव्यात केस लागली तर वकील कसा निवडायचा: आधी केस कुठे जाणार ते बघा

हातात समन्स किंवा नोटीस पडली की पहिला फोन जातो तो "तुझ्या ओळखीचा चांगला वकील कोण आहे काय रे?" असा, आणि समोरचा पण लगेच एक नाव देऊन मोकळा होतो कारण त्याच्या भावाची अॅक्सिडंटची केस त्या वकिलाने छान चालवली होती. आता तुमची भानगड असते मुंडकाराच्या (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घराची, ती चालणार मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, आणि तो वकील मामलेदाराच्या हॉलमध्ये कधी उभाच राहिलेला नसतो. माणूस चांगला असतो हो, हुशारही असतो, पण तुमच्या कामाचा नसतो. गोव्यात हे जास्त घडतं कारण आपल्याकडे एकाच घराच्या भांडणात पोर्तुगीज काळातला सिव्हिल कोड, मुक्तीनंतर आलेले मुंडकार-कुळांचे कायदे आणि देशभरचे कायदे असे तिन्ही येऊन बसतात. म्हणून "चांगला वकील कोण" हे नंतर विचारा, आधी "माझी केस कुठल्या दारात जाणार" हे विचारा, आणि त्या दारात रोज जाणारा वकील शोधा. खाली क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी हातातला कागद नीट वाचा

कागद कुणाकडून आलाय ते बघा. सिव्हिल कोर्टाचं समन्स, मामलेदाराची किंवा डेप्युटी कलेक्टरची नोटीस, पोलिसांची हजर राहायची नोटीस आणि समोरच्याच्या वकिलाची नोटीस ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक चारीला "कोर्टाची नोटीस आली" म्हणतात. पाकीट फेकू नका, कागदावरच पेन्सिलने मिळाल्याची तारीख टाका, कारण मुदत तिथून मोजतात. सिव्हिल दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं, कोर्ट कारण पटलं तर ९० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. चेक बाउन्सची नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस असतात. आणि एक गैरसमज फार पसरलेला आहे तो काढून टाका, नोटीस घेतलीच नाही तर लागू होत नाही असं काही नसतं, नाकारली तरी ती मिळाली असंच धरलं जातं आणि तुमच्या मागे केस एकतर्फी पुढे जाते.

पोलिसांचा मामला असेल तर मात्र चांगला-वाईट वकील शोधत चार दिवस घालवू नका, त्याच दिवशी क्रिमिनल बघणारा कोणीतरी गाठा, अटकपूर्व जामिनाची गरज आहे का एवढं तरी कळलं पाहिजे. नंतर वकील बदलता येतो, अटक झाल्यावर वेळ मागे नेता येत नाही.

आता दार ओळखायचं, आणि जमिनीत सगळ्यात जास्त घोळ

गोव्यातल्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी जमीन किंवा घर असतं असं मला तरी दिसतं, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत तुमचं घर आहे, वाडवडिलांपासून राहताय, आणि आता भाटकार किंवा त्याच्याकडून भाट विकत घेतलेला बिल्डर उठवायला बघतोय, तर तो विषय १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याचा. तुम्ही मुंडकार आहात की नाही हे ठरवायचा अधिकार मामलेदाराचा, सिव्हिल कोर्टाचा नाही, सिव्हिल कोर्टात हा मुद्दा निघाला तरी तो मामलेदाराकडेच पाठवावा लागतो. आता बघा, इथे सिव्हिल कोर्टात दावा टाकून वर्षं घालवणारी माणसं आहेत, आणि शेवटी ऐकायला मिळतं की आधी मामलेदाराकडे जा. मामलेदाराचं काम पण वेगळं असतं, इलेक्शन ड्युटी, पूर, सरकारी कार्यक्रम, काही आलं की तारीख पुढे, त्यामुळे तिथे चिकाटीने पाठपुरावा करणारा, त्याच तालुक्यात बसणारा वकील लागतो. पणजीचा नावाजलेला वकील डिचोलीच्या किंवा काणकोणच्या मामलेदाराकडे दर तारखेला येईल का, हा प्रश्न विचाराच.

शेतजमिनीच्या कुळाचा विषय १९६४ च्या कूळ कायद्याचा. ह्या केशी मामलेदाराकडे चालायच्या, २०१४ च्या दुरुस्तीने त्या सिव्हिल कोर्टाकडे गेल्या आणि त्यानंतर कायद्यात परत बदल झाले, त्यामुळे जुनी अर्धवट केस असेल तर वकिलाला सरळ विचारा, माझी फाईल आज कुठल्या टेबलावर आहे? ज्याला ह्याचं उत्तर फटकन देता येतं किंवा जो "थांबा, बघून सांगतो" म्हणून दोन दिवसांत खरंच बघून सांगतो, तो चालेल. जो "ते नंतर बघू, आधी वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) सही करा" म्हणतो तो नको.

मग येतो वन-फोर्टीन, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नोंदीचा उतारा. एक आणि चौदाच्या फॉर्मवर नाव आलं की जमीन आपली झाली असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. सर्व्हेची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात हे बरोबर, पण ती मालकीचा पुरावा नव्हे. नाव चढवायचं म्युटेशनचं काम वेगळं, सर्व्हेत प्लॉट वेगळा करायचं काम वेगळं, आणि मुळात मालक कोण हे ठरवायचं काम सिव्हिल कोर्टाचं. तीन वेगळी कामं. मालकीचा वाद असेल तर पोर्तुगीज काळातले कागद लागतात, डिस्क्रिप्शन, इन्स्क्रिप्शन, मात्रीज वगैरे जमिनीच्या जुन्या नोंदींचे, आणि ते वाचता येणारा किंवा निदान कुणाकडून वाचून घ्यायचे हे माहीत असलेला वकीलच घ्या. हे नुसतं जुन्या कागदांचं कौतुक म्हणून सांगत नाही. २०२२ साली जमिनी हडपल्याच्या तक्रारींवर सरकारला एसआयटी नेमावी लागली आणि निवृत्त हायकोर्ट न्यायमूर्तींचा आयोग पण बसला, कारण जुन्या काळचे खोटे कागद तयार करून परदेशात असलेल्यांच्या, वारलेल्यांच्या जमिनी विकल्या गेल्या होत्या. त्यामुळे समोरच्याने जुना कागद दाखवला की "बघू, सर्टिफाईड कॉपी काढू" म्हणणारा वकील पाहिजे, झेरॉक्सवर विश्वास ठेवणारा नको.

कोमुनिदादच्या (गावाच्या जुन्या सामुदायिक संस्थेच्या) जमिनीचा वाद असेल तर त्याची संहिता वेगळी, अॅडमिनिस्ट्रेटर वेगळा, काही प्रकरणं अॅडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रिब्युनलकडे जातात, आणि ते काम करणारे वकील तुलनेने थोडे आहेत. भाडेकरू जुना असेल तर रेंट कंट्रोलर. शेजाऱ्याने बेकायदा बांधकाम केलं तर पंचायत किंवा पालिका, तिथून वर अपील, समुद्राजवळ असेल तर किनारपट्टी प्राधिकरण, आणि हे सगळं हलत नसेल तेव्हा हायकोर्ट.

वारसा आणि लग्न: इथे बाहेरचा वकील फसतो

पेडणे, साखळी, सत्तरीतल्या आपल्या लोकांचे कितीतरी नातेवाईक सावंतवाडी, बेळगाव, मुंबईला असतात आणि तिकडचा कोणीतरी वकील काका फोनवर सल्ला देतो. सल्ला मनापासून असतो पण तो हिंदू सक्सेशन अॅक्ट धरून असतो, आणि गोवेकरांना तो लागू होत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याचं बार कौन्सिल एकच आहे, त्यामुळे सनद असलेला मुंबईचा वकील म्हापशाच्या कोर्टात उभा राहू शकतो, अडवणार कोणी नाही, पण कायदा वेगळा आहे हे त्याला माहीत पाहिजे.

आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, अर्धी ह्याची अर्धी तिची, म्हणून घर-जमीन विकताना दोघांची सही लागते. मुलगा-मुलगी वाटा सारखा. मृत्युपत्र केलं तरी मुलं असतील तर अर्ध्याच हिश्श्याचं करता येतं, बाकी अर्धा मुलांचा ठरलेला. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्ता असली तरी वारसा ह्याच कायद्याने चालणार. वारशाचे नियम आता २०१२ च्या गोवा सक्सेशन कायद्यात आहेत, तो अमलात आला २०१६ च्या शेवटी.

ह्यात दोन कामं असतात आणि लोक ती एकत्र करतात. वारस कोण कोण आहेत एवढंच कागदावर आणायचं असेल आणि भांडण नसेल तर स्पेशल नोटरीकडे म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात सक्सेशन डीड होतं, त्याला मोठा वकील कशाला, डीड करणारा तालुक्यातला साधा वकील पुरे. पण वाटणी करायची आहे आणि एक भाऊ ऐकत नाही, तर इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरीत सगळ्या मालमत्तेची यादी होते, कोर्ट एकाला अॅडमिनिस्ट्रेटर नेमतं, आणि जमलं नाही तर वारसांमध्येच बोली लागते, जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू आणि बाकीच्यांना फरकाचे पैसे. ह्या बोलीच्या दिवशी तयारी नसलेला वारस फार महागात जातो, बोली कुठपर्यंत न्यायची आणि पैसे कुठून उभे करायचे हे आधी बसून ठरवावं लागतं. म्हणून वकिलाला विचारा, तुम्ही इन्व्हेंटरी शेवटपर्यंत नेली आहे का, बोलीपर्यंत गेलात का, का नुसत्या दाखल करून ठेवल्यात?

भावंडांचं सगळं पटत असेल तर एक वकील सगळ्यांना चालतो. थोडी जरी कुरबूर असेल तर स्वतःचा वेगळा घ्या, मोठ्या भावाचा वकील तो तुमचा पण वकील असं समजून बसू नका.

घटस्फोटाचं पण तेच. गोव्यात नोंदलेल्या लग्नाला हिंदू मॅरेज अॅक्ट लावून बोलणारा वकील दिसला तर तिथून उठा, आपल्याकडे घटस्फोटाचा कायदा १९१० सालचा पोर्तुगीज काळातला आहे. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र देशभर आहे तसाच इथेही, ती केस मॅजिस्ट्रेटपुढे जाते.

बाकीची दारं पटापट

चेक बाउन्स: मॅजिस्ट्रेट कोर्ट. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्याला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. ह्यात हुशारीपेक्षा तारखा पाळणारा वकील लागतो.

अपघाताची भरपाई: मोटार अपघात ट्रिब्युनल, आणि उशीर न करता, मुदतीचे नियम कडक झालेत.

फ्लॅटचा ताबा नाही, बिल्डर टोलवतोय: रेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोग, दोन्हीतलं कुठलं बरं ते तुम्हाला पैसे परत हवेत का घर हवंय ह्यावर, हे वकिलाने समजावून सांगायला पाहिजे. ग्राहक आयोगात स्वतः पण उभं राहता येतं, ऑनलाइन तक्रार करायची सोय आहे, लहान रकमेला वकील केलाच पाहिजे असं नाही.

नोकरीवरून काढलं: आधी लेबर ऑफिस.

नावं कुठून आणायची

कोर्टाच्या गेटवर "वकील पाहिजे काय" विचारणाऱ्याकडून नको. बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला जाहिरात करायची मनाई आहे, दलाल ठेवायचीही, मग जो तसं गिऱ्हाईक ओढतो तो तुमच्या केसमध्ये नियम पाळेल ह्याची खात्री काय?

माझ्या मते सगळ्यात खरी पद्धत म्हणजे एक सकाळ मोकळी काढून त्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायचं. कोर्ट उघडं असतं, कोणीही बसू शकतं, फोन सायलेंट ठेवा म्हणजे झालं. कोण तयारी करून येतं, कोण उलटतपासणीत नेमके प्रश्न विचारतं, कोण दर केशीत नुसती पुढची तारीख मागतं, दोन तासांत दिसतं. बाहेर पॅसेजमध्ये बसलेल्या माणसांशी बोला, त्यांच्याइतकं खरं कोणी सांगत नाही, वकील फोन उचलतो का, तारखेला स्वतः येतो का.

दुसरं, ईकोर्ट्सच्या अॅपवर किंवा साइटवर वकिलाच्या नावाने केशी शोधता येतात. त्या तालुक्याच्या कोर्टात त्याच्या कुठल्या प्रकारच्या केशी आहेत ते बघा. सगळ्या चेक बाउन्सच्या दिसल्या तर जमिनीच्या टायटलसाठी दुसरा बघा. मामलेदाराकडचं काम मात्र तिथे दिसत नाही, त्याला तोंडीच विचारावं लागतं.

तिसरं, तुमचं सेल डीड करून दिलेला वकील किंवा नोटरी असेल तर त्याला विचारा, "हे तुम्ही नका करू, तुमच्या स्वतःच्या घरातली केस असती तर कुणाला दिली असती?" असं विचारलं की बहुतेक जण प्रामाणिक नाव देतात.

नाव मिळालं की सनद तपासा, प्रत्येकाला बार कौन्सिलचा नंबर आणि वर्ष असतं, विचारायला लाजू नका.

मोठं नाव की साधा वकील? सिनियर अॅडव्होकेट हा हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाने दिलेला दर्जा असतो, तो थेट तुमचा वकालतनामा घेत नाही, मधे दुसरा वकील लागतोच, म्हणजे फी दोघांची. मामलेदार किंवा मॅजिस्ट्रेटच्या रोजच्या तारखांना ते परवडत नाही आणि गरजही नसते. पर्वरीला हायकोर्टात एखादा कायद्याचा मोठा मुद्दा असेल तेव्हा तो विचार करा. आणि नावाजलेल्या ऑफिसात गेलात तर ज्युनियरला भेटून या, कारण उलटतपासणीपर्यंतच्या बहुतेक तारखा तोच करणार.

पहिल्या भेटीत

ओरिजिनल कागद नेऊन ठेवून येऊ नका, झेरॉक्स न्या, ओरिजिनल फक्त दाखवा. एका पानावर तारखांप्रमाणे काय काय घडलं ते लिहून न्या, मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि वाईट गोष्टी लपवू नका. तुम्ही कुठे सही दिली आहे, रोख पैसे घेतले आहेत, भांडणात हात उचलला आहे, सगळं सांगा, वकिलाला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही असा कायदाच आहे. कोर्टात समोरच्याकडून ते पहिल्यांदा कळलं तर तुमचा वकील काही करू शकत नाही.

मग त्याचं ऐका. "हंड्रेड पर्सेंट जिंकणार", "जज्ज आपल्या ओळखीचे आहेत" असं ऐकलं की चहा संपवून निघा. तुमच्या केसमधलं कमजोर ठिकाण पहिल्या भेटीत स्पष्ट बोलून दाखवणारा, आणि तडजोड होत असेल तर ती पण सुचवणारा वकील मला जास्त विश्वासाचा वाटतो.

एक प्रश्न गोव्यात विसरायचा नाही: समोरच्या पार्टीचं काम तुम्ही कधी केलंय का? गोवा एवढासा, भाटकाराच्या तीन पिढ्यांची कागदपत्रं एकाच ऑफिसात असतात. आधी विचारलं तर कोणाला राग येत नाही.

आपल्या कोर्टातले कागद बहुतेक इंग्लिशमध्ये असतात. आईला, आजीला सही करायला सांगतात आणि त्या विश्वासाने करतात. अॅफिडेव्हिट म्हणजे शपथेवर बोलणं, त्यात काय लिहिलंय ते मराठीत नाहीतर कोंकणीत ओळीन् ओळ समजावून घेतल्याशिवाय सही करायची नाही, वकिलाला घाई असली तरी. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. वकालतनाम्यात तडजोड करायचा, पैसे घ्यायचा अधिकार पण लिहिलेला असतो, तो द्यायचा नसेल तर तसं सांगा.

फी

पूर्ण केसची एकरकमी, तारखेप्रमाणे किंवा टप्प्याटप्प्याने असे तीन प्रकार चालतात. लांबणाऱ्या सिव्हिल केशीला टप्प्याची बरी, दाखल करताना एवढे, साक्षीच्या वेळी एवढे, युक्तिवादाला एवढे. कोर्ट फी, टायपिंग, सर्टिफाईड कॉपी, सर्व्हेअर, कमिशनर हे वेगळं असतं, ते धरून की सोडून ते आधी विचारा आणि व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या. पैसे शक्यतो यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख दिले तर पावती. "भरपाईतले इतके टक्के द्या" असं अपघाताच्या केशीत सर्रास बोलतात पण निकालावर ठरलेली फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे.

पैसेच नसतील तर सरकारी मोफत वकील मिळतो, आणि ते भीक नव्हे, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे, दिव्यांग, कोठडीत असलेले, औद्योगिक कामगार ह्यांना कमाईची अट नाही, बाकीच्यांना कमाईची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात लीगल सर्व्हिसेस कमिटी असते, तिथे अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन करा. खूप बायकांना हे माहीतच नाही, नवऱ्याच्या नावावर सगळं म्हणून त्या गप्प बसतात, त्यांच्यापर्यंत हे पोचवा.

वकील केल्यावर, आणि बदलायचा झाला तर

दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची कॉपी घरी पाहिजे. केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर घेऊन ठेवा, मग पुढची तारीख अॅपवर स्वतःच दिसते, वकिलाला रोज फोन करायला नको आणि तो "तारीख लांब आहे" म्हणाला तर खरं-खोटं पण कळतं.

वकील तारखांना येत नाही, फोन घेत नाही, तर आधी एकदा समोर बसून बोला. नाही जमलं तर बदला, तुमचा हक्क आहे. राहिलेल्या फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय, फीचा हिशोब वेगळा आणि कागद वेगळे. गंभीर गैरवर्तन असेल तर तक्रार बार कौन्सिलकडे करायची, ग्राहक आयोगात नाही, २०२४ च्या निकालाने तो रस्ता बंद झालाय. बदलताना मात्र पुढची तारीख बघून, तिच्या निदान दोन आठवडे आधी नव्या वकिलाकडे जा. जुन्याची नो ऑब्जेक्शन सही सरळ मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर नवा वकील कोर्टाची परवानगी मागतो, आणि कागद अडलेच तर सगळ्या फाईलच्या सर्टिफाईड कॉप्या त्याच कोर्टाच्या कॉपी सेक्शनमधून अर्ज करून काढता येतात.